सात सेकंदांचा ठेका

घड्याळाच्या सेकंद-काट्याकडे पाहत सात सेकंद मोजा. तेवढ्या वेळात फार तर एक लांबलचक वाक्य बोलून होईल. १९६९ साली अमेरिकेतील अटलांटा शहरात एका ड्रमवादकाने एका गाण्याच्या मध्यावर एवढाच वेळ एकट्याने ठेका धरला. बाकीची वाद्ये गप्प राहिली. सात सेकंदांनी ती पुन्हा सुरू झाली आणि गाणे पुढे गेले. सुमारे वीस वर्षांनंतर, अटलांटिक महासागराच्या पलीकडे, लंडनमध्ये ‘जंगल’ आणि ‘ड्रम अँड बास’ नावाचे संगीत उभे राहिले, ते बऱ्याच अंशी या सात सेकंदांवर. त्या संगीताच्या नव्या ध्वनिमुद्रिका आजही निघतात आणि त्यांतील कितीतरींमध्ये हाच ठेका ऐकू येतो. तसा ठेका दुसऱ्या कोणी वाजवलेला नव्हे, तर तोच, त्याच हातांनी वाजवलेला.

हे कसे घडले ते समजून घ्यायला शाळेच्या पुस्तकातील ध्वनीचे प्रकरण आणि थोडा भागाकार-गुणाकार एवढे भांडवल पुरते.

प्रथम त्या गाण्याची ओळख करून घेऊ. ‘द विन्स्टन्स’ हा वॉशिंग्टन शहरातील वाद्यवृंद. रिचर्ड स्पेन्सर हे त्याचे प्रमुख आणि ग्रेगरी कोलमन हे ड्रमवादक. १९६९ साली त्यांची एक तबकडी निघाली. तिच्या पहिल्या बाजूला ‘कलर हिम फादर’ हे गाणे होते. ते खूप गाजले आणि त्यासाठी स्पेन्सर यांना ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. दुसऱ्या बाजूला काहीतरी असावे म्हणून ‘आमेन, ब्रदर’ नावाची केवळ वाद्यांवर वाजवलेली रचना घातली होती. इतर वाद्ये थांबून ड्रमवादक एकटाच वाजवतो त्या जागेला तिकडे ‘ब्रेक’ म्हणतात. आपला सात सेकंदांचा तुकडा म्हणजे या दुसऱ्या बाजूवरील रचनेतील ब्रेक.

या ब्रेकमध्ये चार-चार मात्रांचे चार विभाग आहेत, म्हणजे एकूण १६ मात्रा. तबला शिकणाऱ्यांना लगेच तीनताल आठवेल. मात्रांची संख्या तीच, पण सम, खाली आणि बोल यांची व्यवस्था येथे नाही, म्हणून हे साम्य येथेच सोडून देऊ. १६ मात्रा ७ सेकंदांत, तर एका मिनिटात किती? १६ भागिले ७, गुणिले ६०. उत्तर येते सुमारे १३७. ठेक्याची गती मिनिटाला १३७ मात्रा झाली. पहिले दोन विभाग सरळ आहेत. पुढच्या दोन विभागांत एक ठोका अपेक्षित जागी न पडता किंचित उशिराने पडतो आणि ऐकणारा क्षणभर अधांतरी राहतो. मला तरी या ठेक्याची सारी गंमत त्या उशिरात आहे असे वाटते.

न्यूयॉर्कमध्ये १९७३ पासून कूल हर्क नावाच्या जमैकात जन्मलेल्या तरुणाने एक युक्ती रूढ केली. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारीशेजारी ठेवायच्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवरचा सुरू करायचा, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. अशा रीतीने काही सेकंदांचा ठेका हवा तितका वेळ चालू ठेवता येई. पुढे अशा ब्रेक असलेल्या जुन्या गाण्यांचे संग्रहच निघू लागले. १९८६ साली अशाच एका संग्रहात ‘आमेन, ब्रदर’ आले आणि ही विस्मृतीत गेलेली रचना जगभरच्या डीजेंच्या हाती पडली.

आता लंडनला जाऊ. १९९० च्या सुमारास तेथील तरुणांना अधिकाधिक जलद गतीचे नृत्यसंगीत हवे होते. ‘हेवन’ या नृत्यगृहात ‘रेज’ नावाच्या कार्यक्रमात फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर हे दोन डीजे तबकड्यांची गती वाढवत चालले होते. गती वाढवायचा सर्वांत सोपा उपाय कोणता? तबकडी जोरात फिरवायची. पण त्यात एक अडचण आहे. ती कोणती, हे एका लहानशा प्रयोगाने कळेल.

एक कंगवा घ्या. त्याच्या दातांवरून पोस्टकार्डाची कड सावकाश फिरवा. ‘टक्‌ टक्‌ टक्‌’ असा खर्जातला आवाज येईल. आता तेच कार्ड झटकन फिरवा. आवाज चढा, चिरका येतो. कंगवा तोच, दात तेवढेच. समजा दात ४० आहेत. ते एका सेकंदात ओलांडले तर कार्डाला सेकंदाला ४० धक्के बसतात. एक पंचमांश सेकंदात ओलांडले तर धक्क्यांचा वेग सेकंदाला २०० होतो. दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या म्हणजे कंप्रता, आणि कंप्रता वाढली की आवाजाची उच्चनीचता, म्हणजे त्याची पट्टी, वर चढते.

तबकडीवरील खाच म्हणजे एक लांबच लांब गुंडाळलेला कंगवाच समजा. सुई कार्डाचे काम करते. तबकडी जोरात फिरली की ठेका जलद होतो खरा, पण त्याबरोबर प्रत्येक आवाजाची पट्टीही वर जाते. गती आणि पट्टी एकाच दोरीने बांधलेल्या आहेत. एक ओढली की दुसरी मागोमाग येते.

किती वर जाते तेही पाहू. मोठ्या तबकड्या मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरतात, दुसरा वेग ४५ फेऱ्यांचा. ४५ ला ३३⅓ ने भागले तर १.३५ येतात. म्हणजे ३३⅓ ची तबकडी ४५ वर लावली तर १३७ मात्रांचा ठेका १८५ मात्रांचा होतो आणि सगळ्या कंप्रता १.३५ पट होतात. षड्जाला ४/३ ने, म्हणजे १.३३ ने गुणले की शुद्ध मध्यम मिळतो. तेव्हा ‘सा’ चा जवळजवळ ‘म’ झाला, किंबहुना त्याहून किंचित वर गेला.

१८५ मात्रा जरा अतीच होतात. पण डीजेंच्या पसंतीच्या टेक्निक्स कंपनीच्या यंत्रावर गती ८ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करणारी एक सरकपट्टी असे. ४५ वर लावून ८ टक्के कमी केली तर १८५ चे सुमारे १७० होतात. आज ड्रम अँड बास म्हणून जे ऐकायला मिळते ते साधारण १६० ते १८० च्या दरम्यान असते. आता सगळ्या कंप्रता १.२४ पट झाल्या. शुद्ध गांधाराचे गुणोत्तर ५/४, म्हणजे १.२५. याचा अर्थ ‘सा’ चा जवळपास ‘ग’. ड्रमचा भरदार आवाज थोडा पातळ, थोडा पत्र्यासारखा होतो. माणसाचा आवाज असेल तर तो खेळण्यातल्या बाहुलीसारखा चिरका ऐकू येतो. सुरुवातीच्या जंगल संगीतात असे बाहुलीचे आवाज मुबलक आहेत. काहींना ते आवडतात. मला ते दोन मिनिटांपुरतेच सोसवतात!

ही दोरी तोडली ती सॅम्पलर नावाच्या यंत्राने. जपानमधील अकाई कंपनीचे ‘एस १०००’ हे यंत्र १९८८ साली बाजारात आले. सॅम्पलर आवाजाची खाच कोरत नाही, आवाजाच्या लाटेची उंची आकड्यांत टिपतो. सेकंदाला ४४,१०० वेळा टिपतो. एवढ्या वेळा का? माणसाचा कान जास्तीत जास्त सुमारे २०,००० कंप्रतेपर्यंतचे आवाज ऐकतो, आणि कोणतेही कंपन आकड्यांत नीट पकडायचे तर त्याच्या कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घ्यावे लागते. प्रत्येक मोजमापाला संगणकाच्या स्मृतीतील २ बाइट जागा लागते. म्हणजे सेकंदाला ८८,२०० बाइट आणि आपल्या सात सेकंदांना ६,१७,४०० बाइट. त्या यंत्राची मूळ स्मृती २ मेगाबाइट होती. तीत जेमतेम २३ सेकंदांचा आवाज मावे. आजच्या साध्या मोबाइलमध्येही याच्या हजारो पट जागा असते. पण लक्षात घ्या, २३ सेकंदांत सगळे गाणे मावत नसले तरी सात सेकंदांचा ब्रेक आरामात मावतो. यंत्राची जागा तोकडी आणि ब्रेकही आखूड, म्हणून दोघांचे चांगले जमले.

एकदा आवाजाचे आकडे झाले की ते कापता येतात. लंडन, ब्रिस्टल अशा शहरांतील तरुणांनी घरातल्या खोलीत बसून कोलमन यांच्या ठेक्याचे एकेका ठोक्याएवढे तुकडे केले. १३७ च्या गतीत एक मात्रा ०.४३८ सेकंदाची असते, १७० च्या गतीत ०.३५३ सेकंदाची. फरक ०.०८५ सेकंदाचा. ठोक्याचा मुख्य आघात सुरुवातीलाच होऊन जातो, मागे उरतो तो विरत जाणारा नाद. त्या नादाचे शेपूट ०.०८५ सेकंदाने छाटले आणि तुकडे पुन्हा एकापुढे एक लावले, तर ठेका १७० च्या गतीने धावतो आणि ड्रमचा आवाज मात्र मूळ पट्टीतच राहतो. शिवाय तुकडे मूळच्याच क्रमाने लावले पाहिजेत असे थोडेच आहे? पहिला, पहिला, सातवा, चौथा, मग सातवाच उलटा. असे करता करता ज्या ठेक्याची कोलमन यांनी कल्पनाही केली नसेल तो त्यांच्याच हातांच्या आवाजात तयार होतो.

याच सुमारास सॅम्पलरमध्ये आणखी एक सोय आली होती. आवाजाची पट्टी न बदलता तो लांबवणे. ही कल्पना मोठी गमतीची आहे, आणि ती कागद-कात्रीने करून पाहता येते. आलेखाच्या कागदावर एक लांब वेडीवाकडी लाट काढा. तिच्या दोन-दोन सेंटिमीटरच्या उभ्या पट्ट्या कापा. त्याच लाटेची दुसरी प्रत काढून तिच्याही तशाच पट्ट्या कापा. आता पहिली पट्टी दोनदा, दुसरी दोनदा, तिसरी दोनदा अशा चिकटवत जा. लाट दुप्पट लांब झाली, पण प्रत्येक पट्टीतील चढउतार पूर्वीइतकेच दाट राहिले. लांबी वाढली, कंप्रता तीच. दोरी तुटली!

पण जोडांकडे नीट पाहा. पट्टी जेथे संपते तेथे लाट वर असेल, आणि तीच पट्टी पुन्हा सुरू होते तेथे लाट खाली असेल. मध्ये एक पायरी पडते. कानाला ही पायरी ‘टिक्‌’ अशी ऐकू येते. समजा यंत्राने आवाजाचे एक पन्नासांश सेकंदाचे तुकडे केले. मग असे जोड सेकंदाला पन्नास येणार आणि सेकंदाला पन्नास ‘टिक्‌’ म्हणजे ५० कंप्रतेची एक गुणगुणच झाली. ती गाण्यात नव्हती, कापण्यातून निर्माण झाली. त्यामुळे फार लांबवलेला आवाज धातूच्या नळीतून आल्यासारखा, यंत्रमानवासारखा वाटतो. यंत्र बनवणाऱ्यांच्या दृष्टीने हा दोष होता. जंगल संगीत करणाऱ्यांनी मात्र तो मुद्दाम वाढवून वापरला, आणि १९९० नंतरच्या काही वर्षांतील तबकड्या या खणखणाटावरून आजही ओळखता येतात. गोल्डी या संगीतकाराच्या १९९२ सालच्या ‘टर्मिनेटर’ या रचनेत याच्या उलट गोष्ट आहे. तेथे ठेक्याची गती तीच राहते आणि ड्रमची पट्टी मात्र वर वर चढत जाते. पूर्वीच्या तबकडीयंत्रावर हे होणेच शक्य नव्हते.

ड्रमबद्दल एवढे झाले. नावातला दुसरा शब्द ‘बास’, म्हणजे खर्जाचा स्वर. ही देणगी जमैकाची. दुसऱ्या महायुद्धानंतर जमैकातून अनेक कुटुंबे ब्रिटनमध्ये येऊन स्थायिक झाली. त्यांच्याबरोबर कपाटाएवढे ध्वनिवर्धक रचून भररस्त्यात संगीत वाजवण्याची प्रथाही आली. ड्रम अँड बासमध्ये ड्रम १७० च्या गतीने धावत असताना बास बहुधा त्याच्या निम्म्या, ८५ च्या गतीने चालतो. म्हणूनच इतके जलद संगीत ऐकूनही दम लागत नाही. धावणाऱ्याने ड्रमबरोबर धावावे, डोलणाऱ्याने बासबरोबर डोलावे.

या बासची कंप्रता पुष्कळदा ४० ते ६० च्या दरम्यान असते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला ५० ने भागले तर तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर येते, म्हणजे शाळेच्या वर्गाच्या एका भिंतीएवढी एकच लाट. ती निर्माण करायला मोठ्या पडद्याने पुष्कळ हवा ढकलावी लागते. मोबाइलचा नखाएवढा ध्वनिवर्धक ते काम करू शकत नाही. मिरवणुकीत ध्वनिवर्धकांच्या भिंतीजवळून जाताना छातीत धडधडते आणि खिडक्यांची तावदाने थरथरतात ती याच लांब लाटांमुळे. (अशा भिंतीजवळ फार वेळ उभे राहू नये, कान पुन्हा मिळत नाहीत.) दोन खर्ज स्वर किंचित बेसूर ठेवून, उदाहरणार्थ एक ५० चा आणि दुसरा ५०.५ चा, एकत्र वाजवले तर दर दोन सेकंदांनी आवाज एकदा फुगतो आणि एकदा ओसरतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा नीट न जुळल्यास आवाज असाच डोलतो. आपण तेथे खुंटी पिळून तो दोष घालवतो. ड्रम अँड बासवाल्यांनी तो जपून ठेवला आहे.

हे संगीत पुढे पुष्कळ वाढले. ब्रिस्टलच्या रॉनी साइझ आणि त्याच्या सहकाऱ्यांना १९९७ साली ब्रिटनचे मानाचे मर्क्युरी पारितोषिक मिळाले. लंडनच्या ज्या ‘ब्लू नोट’ नृत्यगृहात गोल्डीचे कार्यक्रम होत, तेथेच तबलावादक तलविन सिंग ‘अनोखा’ नावाचा कार्यक्रम करत असत. तबल्याच्या बोलांना ड्रम अँड बासच्या ठेक्याशी जोडणाऱ्या त्यांच्या संगीताला १९९९ साली तेच पारितोषिक मिळाले.

आणि ग्रेगरी कोलमन? त्यांना या साऱ्यातून एक पैसाही मिळाला नाही. त्यांचा ठेका हजारो गाण्यांत वापरला गेला, जाहिरातींत वाजला. रचनेचे हक्क वाद्यवृंदाचे प्रमुख स्पेन्सर यांच्याकडे होते. पण आपल्या जुन्या तबकडीचे एवढे काही झाले आहे हे त्यांनाच १९९६ साली कळले, आणि तोपर्यंत न्यायालयात दाद मागण्याची मुदत उलटून गेली होती. ठेका ज्याच्या हातातून उतरला त्या ड्रमवादकाचे नाव तर हक्काच्या कागदावर नव्हतेच. कोलमन २००६ साली अटलांटा शहरातच वारले. त्या वेळी ते निर्धन होते, राहायला घर नव्हते. २०१५ साली ब्रिटनमधील दोन डीजेंनी पुढाकार घेऊन या ठेक्यावर वाढलेल्या संगीतप्रेमींकडून वर्गणी जमवली आणि सुमारे २४,००० पौंड स्पेन्सर यांना दिले. स्पेन्सर २०२० साली वारले.

सॅम्पलरचे आकडे कोणाच्याही यंत्रात तितक्याच सहजतेने उतरतात. ते उतरवताना मूळ वादकाचे नाव बरोबर येत नाही. यंत्र करणाऱ्यांनी गती आणि पट्टी यांची गाठ सोडवली, तशी वादक आणि त्याचा आवाज यांचीही गाठ सुटली. यातली पहिली गोष्ट हवीहवीशी होती. दुसरीबद्दल तुम्हांला काय वाटते? एकट्या डीजेने खोलीत बसून, ठोका-ठोका कापून नवीन रचना केली, तर ती कोणाची? मला वाटते दोघांची. वाटे किती करावेत याबद्दल मात्र वर्गात वाद व्हायला हरकत नाही.

आज नवी रचना जगाला ऐकवायला तबकडी लागतेच असे नाही. १९९० च्या दशकात लंडनचे डीजे नवी रचना प्रसिद्ध होण्याआधी ॲल्युमिनियमच्या, वर मऊ लॅकरचा थर असलेल्या एकट्या तबकडीवर कोरून घेत. काही डझन वेळा वाजली की तिची खाच झिजून आवाज खरखरू लागे. आता तेच काम संगणकातील फाइल करते आणि ती झिजत नाही. पण ठेका संपलेला नाही. नाया आर्काइव्ह्ज या १९९९ साली जन्मलेल्या गायिकेला जंगल संगीतासाठी २०२२ साली ब्रिटनमध्ये मोबो पारितोषिक मिळाले. पिंकपॅन्थरेस या तरुण गायिकेच्या २०२१ सालच्या ‘ब्रेक इट ऑफ’ या गाण्याखाली अ‍ॅडम एफच्या १९९५ सालच्या ‘सर्कल्स’ या ड्रम अँड बास रचनेचा तुकडा आहे. आता उचललेल्या संगीतातूनही पुन्हा उचलले जाऊ लागले आहे.

अशी एखादी नवी रचना हाती आली तर घड्याळ घेऊन मात्रा मोजा. १५ सेकंदांत ४३-४४ मात्रा भरल्या तर गती १७४ च्या आसपास आहे असे समजा. मग हे गणित सोडवा. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या एका तबकडीवर १३७ मात्रांचा ब्रेक आहे. तो १७४ च्या गतीने वाजवायचा तर तबकडी मिनिटाला किती फेऱ्यांनी फिरवावी लागेल? ८ टक्क्यांची सरकपट्टी असलेल्या यंत्रावर ते जमेल का? जमत असेल तर कोणता वेग निवडून, पट्टी किती सरकवून? आणि त्या वेळी ‘सा’ कोणत्या स्वराजवळ जाईल?

(उत्तर : सुमारे ४२.३ फेऱ्या. जमेल, ४५ चा वेग निवडून पट्टी सुमारे ६ टक्के कमी करावी. सर्व कंप्रता १.२७ पट होतात, म्हणजे ‘सा’ शुद्ध गांधाराच्या थोडा वर जातो.)